काउंटरवरचा आग्रह

जपानमध्ये त्सुकुबाला आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही कागदोपत्री गरीब ठरलो. सिटी ऑफिसकडून तसं पत्रच आलं. विजेचे, गॅसचे आणि रॉकेलचे भाव वाढले आहेत, थंडीचे दिवस आहेत, तेव्हा रहिवासी कर न भरणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकार मदत देणार आहे आणि आपलं कुटुंब त्यात बसतं, असं त्यात फार अदबीनं लिहिलं होतं. मी तेव्हा मातीतल्या बुरशीवर पीएच.डी. करत होतो. माझी स्कॉलरशिप करमुक्त होती. बायको सकाळी थोडा वेळ एका बेकरीत पार्टटाइम जायची, त्यावरही कर लागत नव्हता. मुलगी पहिलीत होती. घरात कर भरणारं कोणीच नाही, म्हणून आम्ही मदतीला पात्र.

ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यात मी कॉलेजात शिकवत होतो, चारचौघांत उठबस होती. कमी उत्पन्नाचं कुटुंब म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यात मी स्वतःला कधी बसवलं नव्हतं. बायकोला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही.

"देतायत तर घेऊ या की," ती म्हणाली. "थंडी काय उत्पन्न विचारून वाजते?"

"पुण्यात आपण गरीब नव्हतो," मी म्हटलं.

"पुण्यात एवढी थंडीपण नव्हती."

मदत घेतली. त्यातून रॉकेलवर चालणारा हीटर आणला, पंख्यानं गरम हवा फेकणारा. आमचं घर म्हणजे शहराच्या कडेला, कोबीच्या शेताला लागून असलेल्या जुन्या बैठ्या घरांच्या रांगेतलं एक. भिंती पातळ, खिडक्यांना एकेरी काच, आणि फटी बोळ्यांनी बुजवलेल्या. हीटर आल्यावर पहिल्यांदाच आम्ही रात्री कानटोप्या काढून जेवलो. त्याच आठवड्यात इचिकावाला एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. तिथे माझा कॉलेजातला एक मित्र आला होता, बँकेतर्फे जपानला पाठवलेला, तोयोसुच्या महागड्या वस्तीत उंच टॉवरमध्ये राहणारा. तो पुऱ्या खाता खाता म्हणाला, "इथे आपण टॅक्स भरायचा आणि सरकारनं तो वाटत सुटायचं. कोणाला देतात कोण जाणे." मी मान डोलावली. नवीन हीटरचा विषय निघाला तेव्हा सेलमध्ये मिळाला असं सांगून टाकलं. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बटाट्याची भाजी वाढून घेतली.

ही लाज तशी वरवरची होती, चार दिवसांत विरून गेली असती. पण मी तिचं पुण्यकर्म करायला निघालो. आपल्याला मिळालं, आता दुसऱ्यालाही मिळवून द्यावं, म्हणजे घेतल्याचा सल जाईल, असा काहीतरी विचार माझ्या डोक्यात असणार. तेव्हा तो मला फार उदात्त वाटला होता.

आमच्या शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. ऐंशीला टेकलेल्या, शरीरानं काटक, बोलायला मऊ. नवरा सुतार होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे पेन्शन बेताचंच. एक मुलगा होता. तो लांब नोकरीला असतो आणि कामात असतो, एवढंच त्या सांगायच्या. आम्ही राहायला आलो त्या दिवशी कचरा कोणत्या वारी कुठला टाकायचा हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि आम्ही चुकीची पिशवी ठेवली तर कोणाला दिसायच्या आत ती गुपचूप उचलून आमच्या दारात आणून ठेवायच्या. माझी मुलगी शाळेतून आली की त्यांच्याकडे जायची. कापडाच्या छोट्या पिशव्यांत दाणे भरून सागरगोट्यांसारखा एक खेळ तिथे खेळतात, तो त्या तिला शिकवत होत्या.

एका संध्याकाळी मुलगी घरी येऊन जॅकेट काढता काढता म्हणाली, "आजीकडे बोललं ना, की तोंडातून वाफ येते. घरातच." आमच्याशी ती निम्मं जपानीत बोलते, पण एवढं तिनं नीट मराठीत सांगितलं. तिला त्यात मजा वाटली होती. त्या दोघी वाफेचे ढग कोणाचे मोठे निघतात ते बघत बसल्या होत्या.

बायकोचा चेहरा उतरला. "म्हणजे हीटर लावतच नाहीत त्या," ती म्हणाली. "तिला तरी कसं पाठवत होतो आपण तिथे रोज."

मी म्हटलं, "त्यांना मदत मिळाली असेलच की. एकट्या आहेत, पेन्शन थोडं. आपल्याला मिळते तर त्यांना आधी मिळायला हवी."

आता माझ्या बाबांविषयी सांगायला हवं. बाबा पोस्टातून रिटायर झाले, पण त्यांचा खरा व्यवसाय लोकांची सरकारी कामं करून देणं हाच होता. कोणाचं विजेचं बिल अवाच्या सवा आलं, कोणाच्या रेशनकार्डावरचं नाव गळलं, की माणसं आमच्या घरी यायची. बाबा चहा पिऊन, शर्ट बदलून त्यांच्याबरोबर निघायचे. त्यांचा सिद्धांत असा, की खिडकीवरचं पहिलं 'नाही' हे उत्तर नसतं, ती नुसती सुरुवात असते. पहिल्या 'नाही'ला हसायचं, दुसऱ्याला नियम विचारायचा, तिसऱ्याला साहेबांना भेटायचं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बऱ्याच ऑफिसांत गेलो आहे, आणि काम झाल्यावर परतताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय असतं ते पाहिलं आहे. मला त्याची चटक लागली होती. त्सुकुबातही नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांचे व्हिसाचे, विम्याचे कागद मीच करून द्यायचो.

तर मी आजींना विचारलं. कुंपणापाशी त्या कांदापात खुडत होत्या.

"सिटी ऑफिसचं पत्र आलं का तुम्हाला? थंडीच्या मदतीचं?"

त्या हसल्या. "नाही आलं. मला नसेल."

"असं कसं नसेल? आम्हाला आलंय. कुठेतरी गहाळ झालं असेल."

"असू दे. त्यांना कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला, त्यांचं कामच आहे ते. मी तुम्हाला गाडीनं घेऊन जातो."

"तुमचा अभ्यास असतो."

"एका सकाळीनं काही बिघडत नाही."

"खरंच, राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि कांदापातीची जुडी माझ्या हातात दिली.

आपल्याकडे पंगतीत 'नको' म्हणणाऱ्या माणसाच्या पानात जिलेबी वाढलीच जाते. नको म्हणायचं असतं आणि वाढायचं असतं. नको ऐकून थांबला तो कसला यजमान. आजींचं प्रत्येक 'नको' मी त्याच हिशेबानं ऐकलं. भिडस्त आहेत, मनातून हवं आहे, कोणीतरी हात धरून नेलं पाहिजे, असा मी अर्थ लावला. त्या रोज थोड्या नव्या कारणानं नाही म्हणत राहिल्या आणि मी रोज ते कारण दूर करत राहिलो. शेवटी त्यांच्याकडची कारणं संपली.

ठरल्या सकाळी त्या दारात तयार उभ्या होत्या. लग्नाला निघावं तसा राखाडी कोट, गळ्यापाशी मोत्यांची छोटी पिन, ओठांवर अगदी पुसट लिपस्टिक. मला तेव्हा ते गोड वाटलं. मी आमच्या सेकंडहँड गाडीचं दार उघडून धरलं. मुलगी शाळेत जाता जाता त्यांना टाटा करून गेली.

काउंटरवर एक बाई होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी आजींचं कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर बराच वेळ काही बघितलं, मग हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आपल्या बाबतीत, यंदा, जरा..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. इथे वाक्य असं अर्धं सोडलं की ते पूर्ण झालेलं असतं. आजींना ते लगेच कळलं. त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली, वाकल्या. "समजलं. तसदी दिली."

मी म्हटलं, "थांबा, थांबा."

हे पहिलं 'नाही' होतं. मी हसलो.

"जरा म्हणजे काय? काही कागद कमी आहे का?"

"नाही, कागद कमी नाही," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "निरनिराळ्या अटी असतात."

"कोणती अट? या एकट्या राहतात. पेन्शन थोडं आहे. कर भरत नाहीत. आम्हाला मिळतं आणि यांना मिळत नाही, असं कसं होईल?"

त्या बाईंनी आजींकडे बघितलं. आजी माझ्या बाहीला हात लावून म्हणाल्या, "चला, जाऊ या. खरंच." मला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्या. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांचे ऑफिसात पाय लटपटतात. मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि काउंटरवर म्हटलं, "तुमच्या वरिष्ठांशी बोलता येईल का?"

वरिष्ठ आले. पन्नाशीचे, चष्मेवाले, गळ्यात ओळखपत्र. आम्हाला कडेच्या टेबलापाशी नेलं, जिथे मध्ये एक पडदा होता. ते बसले, कागद उलटा ठेवला आणि माझ्याकडे न बघता आजींना विचारलं, "यांच्यासमोर सांगितलं तर चालेल का?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना धीर द्यायला हसत होतो. त्या माझ्या गाडीतून आल्या होत्या, मी सकाळ मोडली होती, माझ्यासमोर नको म्हणणं म्हणजे मला बाहेर घालवणं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "चालेल."

वरिष्ठांनी आवाज अगदी खाली आणला. आजी त्यांच्या मुलाच्या उत्पन्नावर अवलंबून आहेत, अशी मुलाच्या कराच्या कागदांत नोंद आहे. आईला मी सांभाळतो, असं त्यानं लिहून दिलं आहे आणि तेवढी सूट तो घेतो. तो कर भरणारा आहे. ज्या घराला कर भरणारं माणूस सांभाळतं, त्या घराला ही मदत मिळत नाही.

मी तोंड उघडलं होतं, पुढचा मुद्दा मांडायला. ते तसंच राहिलं.

आजी हलल्या नाहीत. पर्सच्या कडीवर त्यांचा हात होता, तो तिथेच राहिला. मग त्यांनी फार हळू, एखादी साधी माहिती विचारावी तशा सुरात विचारलं, "तो अजून सेंदाईलाच आहे का?"

वरिष्ठ म्हणाले, "क्षमा करा. ते आम्हाला सांगता येत नाही." आणि टेबलावर कपाळ टेकेल इतके खाली वाकले. त्या काउंटरवरच्या बाई पडद्याच्या पलीकडे उभ्या होत्या, त्याही वाकल्या. मी मध्ये बसलो होतो. मला वाकायचं सुचलं नाही.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणत असतो. मला त्या खुर्चीत खरोखर तसं वाटलं. एका आईला तिचा मुलगा कुठे राहतो ते माहीत नव्हतं, आणि ही गोष्ट तिनं शेजाऱ्यांपासून, कदाचित स्वतःपासूनही, जपून ठेवली होती. तो मुलगा कागदावर तिला सांभाळत होता. दोघा परक्या माणसांनी ते झाकायचा जमेल तेवढा प्रयत्न केला होता, एकानं वाक्य अर्धं सोडून आणि दुसऱ्यानं परवानगी मागून, आणि मी मात्र कारण सांगा, कारण सांगा म्हणत हटून बसलो होतो. माझ्या बाबांनी आयुष्यभर जे 'नाही' मोडून काढले, त्यांच्यामागे कोणाचा तरी आळस किंवा लाचेची अपेक्षा असायची. या 'नाही'मागे दया होती, आणि मला ती ओळखू आली नाही.

आजी उठल्या. "असं होय," त्या वरिष्ठांना म्हणाल्या. "मुलानं व्यवस्था करून ठेवली आहे तर. मला कळवायचं राहिलं असेल त्याच्याकडून. आपल्याला उगाच त्रास झाला."

परतताना गाडीत त्या बोलत होत्या. एरवी कमी बोलणाऱ्या आजी त्या दिवशी सारख्या बोलत होत्या. सेंदाईला इथल्यापेक्षा जास्त थंडी असते. मुलगा लहानपणापासून मनात ठेवून करणारा, सांगणार काही नाही, करून मोकळा होणार. शाळेत असताना एकदा त्यानं पैसे साठवून त्यांना हातमोजे आणले होते आणि स्वयंपाकघरात ठेवून दिले होते, त्यांना दुसऱ्या दिवशी दिसले. मी हूं हूं करत होतो. रस्त्यावरून माझी नजर हटत नव्हती, कारण कडेला बघितलं तर त्या दिसल्या असत्या. गाडीतला हीटर पूर्ण चालू होता. त्या म्हणाल्या, "गाडीत किती छान ऊब आहे." घरापाशी उतरताना त्यांनी मला दोनदा वाकून धन्यवाद दिले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. आजी तोच राखाडी कोट घालून दारात उभ्या होत्या. हातात दुकानात बांधून घेतलेला मिठाईचा खोका, कडक कागद, वर फीत. स्टेशनजवळच्या त्या दुकानातला खोका आम्ही कधी घेतला नव्हता, परवडायचा नाही म्हणून.

"माझ्यामुळे तुम्हाला काळजी करावी लागली," त्या म्हणाल्या. "क्षमा असावी."

बायको मागून आली, आत या म्हणाली, चहा टाकते म्हणाली. आजी आत आल्या नाहीत. मी तो खोका दोन्ही हातांनी घेतला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांचा अपमान मी केला होता आणि माफी मागायला त्या आल्या होत्या, पदरमोड करून. त्या गेल्यावर मी खोका टेबलावर ठेवला आणि कोणी तो उघडला नाही. शेवटी मुलीनं शाळेतून येऊन उघडला.

मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "तुला त्यांनी किती वेळा नको म्हटलं होतं?"

"मला वाटलं, भिडेपोटी."

"तुला वाटलं," ती म्हणाली. "तुला कोणाचंतरी काम करून मिरवायचं होतं. थंडी त्यांची होती, पण काम तुझं होतं."

मी चिडलो. चिडण्यासारखं काही नसलं की मी जास्त चिडतो. मग काय त्यांना गारठू द्यायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही, पण आता तू काही करू नकोस. कृपा कर.

ते मी ऐकायला हवं होतं. पण डोक्यात एकच घोळत होतं, की आमच्या घरी गरम हवा फेकणारं यंत्र चालू आहे, सरकारच्या पैशांचं, आणि भिंतीपलीकडे आजी थंडीत बसल्या आहेत, आणि त्या तशा बसल्या आहेत हे आता मला माहीत आहे. दोन-तीन दिवस गेल्यावर सकाळी लवकर मी आमचा रॉकेलचा एक भरलेला डबा त्यांच्या मागच्या दाराशी नेऊन ठेवला. चिठ्ठी नाही, काही नाही. कोणी ठेवला ते कळणार नाही, अशी माझी समजूत. आमची दोन घरं सोडली तर त्या रांगेत रॉकेल वापरणारं दुसरं घर नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी डबा आमच्या दारात परत आला. बाहेरून पुसून स्वच्छ केलेला, आतलं रॉकेल जसंच्या तसं. संध्याकाळी आजी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा डबा चुकून माझ्याकडे राहिला होता, ठेवून गेले. आमच्याकडे आहे भरपूर. मुलानं पाठवलंय, घर गरम ठेव म्हणाला आहे." हे सांगताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. त्याआधी त्या कधी तसं बघायच्या नाहीत. मी म्हणालो, "वा, छान झालं."

त्यानंतर त्यांच्या घरात बदल झाला. संध्याकाळी पडदे उघडे आणि दिवा लावलेला, बाहेरून स्वच्छ दिसेल असा. पूर्वी त्या दिवा लवकर मालवायच्या. कुंपणापाशी भेटल्या तर आपणहून विषय काढायच्या. काल मुलाशी बोलणं झालं, घर इतकं तापतं की खिडकी किलकिली करावी लागते. स्वेटर मात्र तोच असायचा, आणि त्याच्या आत आणखी एक. माझी मुलगी खेळायला गेली की त्या तिला आत घेईनाशा झाल्या. दाराबाहेरच्या पायरीवर उन्हाची तिरीप पडते तिथे त्या दोघी बसायच्या. ऊन गेलं की आजी म्हणायच्या, आता घरी जा, अभ्यास कर. मुलीनं मला विचारलं, आजी आत का बोलवत नाही. मी म्हटलं, त्यांना उन्हात बसायला आवडतं. ती म्हणाली, "उसो," म्हणजे खोटं. पहिलीतल्या मुलीला कळलं ते.

मला हे असह्य व्हायचं. पूर्वी त्यांना थंडी सोसावी लागत होती, तेवढंच. आता थंडी सोसून वर ती नाही असं दाखवावंही लागत होतं, आणि हे सगळं एकट्या माझ्यासाठी. त्या आख्ख्या गल्लीत त्यांच्या मुलाचं त्यांच्यासमोर बसून ऐकलेला मी एकटा होतो. मी घरी आलो की दिवा लागायचा. मी लॅबमधून मुद्दाम उशिरा यायला लागलो, म्हणजे त्यांना तो लवकर मालवता येईल. तर एकदा उशिरा आलो तेव्हाही तो लागलेलाच होता, माझी गाडी आत वळेपर्यंत.

जानेवारी संपता संपता एका दुपारी मी सायकलवरून घरी येत होतो. आदल्या रात्रीचा बर्फ रस्त्याच्या कडेला गोठून काचेसारखा झाला होता. पुढे आजी चालल्या होत्या, सामान ओढायची छोटी दोनचाकी गाडी मागे घेऊन. गाडीवर रॉकेलचा लाल प्लॅस्टिकचा डबा, बाहेरून आतली पातळी दिसते तसला, पण जुन्या टॉवेलात सगळीकडून गुंडाळून सुतळीनं बांधलेला. पेट्रोल पंपावर जाऊन त्या रॉकेल घेऊन आल्या होत्या. समोरच्या घरातल्या बाई अंगणात बर्फ लोटत होत्या, त्यांच्याशी आजी दोन शब्द बोलल्या, डब्याकडे हात केला. मग आमच्या रांगेच्या चढावर आल्या आणि चाक बर्फावरून घसरायला लागलं.

मी सायकल कुंपणाला टेकवून धावलो. हे तरी करावं, यात काही विचारायचं नाही, म्हाताऱ्या माणसाचं ओझं उचलणं यात कोणाचा अपमान नाही, असं मनात आलं. त्या "नको, नको" म्हणाल्या. पण माझा हात डब्याच्या कडीवर पोचला होता, आणि भरलेला डबा किती जड असतो ते माझ्या खांद्याला पाठ होतं, म्हणून मी पाय रोवून, श्वास घेऊन, जोर लावून उचलला.

डबा सरळ माझ्या छातीपर्यंत वर आला. आत तळाशी थोडंसं काही होतं, ते डुचमळलं.

समोरच्या बाई बर्फ लोटायच्या थांबून आमच्याकडे बघत होत्या. आजींचा चेहरा पांढरा पडला होता. त्या काही बोलणार, तोवर मी डबा खाली केला, पार गुडघ्यापर्यंत, दुसरा हात खालून लावला, कमरेत वाकलो आणि पाऊल अडखळत टाकलं.

"जड आहे ना?" आजी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता.

"हो," मी म्हणालो. "चांगलाच भरलाय."

त्या चढावरून मी तो तसाच वाकून नेला, मध्ये एकदा थांबून, डबा टेकवून, हात झटकून. आजी रिकामी गाडी ओढत माझ्या बाजूनं चालल्या, सावकाश बरं, सावकाश, असं म्हणत. त्यांच्या मागच्या दाराशी मी तो दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि कंबर धरली. त्यांनी दार उघडलं नाही. मी जायची वाट बघत त्या डब्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि वाकून म्हणाल्या, "मुलाला सांगते, शेजारी किती मदत करतात ते."

मी म्हणालो, "जरूर सांगा."